श्रीरामपूरची सामायिक पेटी

धर्मवचनें मुखोद्गत असलेलीं माणसें कोणत्याहि समाजांत थोडीं नसतात. थोडीं असतात तीं, ज्यांच्या रोजकीर्दींत आणि खतावणींत तीं वचनें उतरलेलीं सांपडतात. देवालयांत एक बोलावें आणि पेढीवर दुसरें करावें, हा प्रकार एकाच धर्माच्या माथीं मारण्यासारखा नाहीं. घरोघरीं मातीच्याच चुली. ख्रिस्ती लोकांच्या शुभवर्तमानांत व्यवहारास धरून पुष्कळ दृष्टांत आहेत. धन्यानें चाकरांच्या स्वाधीन केलेलें भांडवल, बुरूज बांधण्यापूर्वीं करावयाचा खर्चाचा अंदाज, एका चाकरास दोन धन्यांची सेवा न साधणें, हे दृष्टांत ऐकतांना कोणाहि व्यापाऱ्यास आपलीच गोष्ट चालली आहे असें वाटेल. परंतु ते ऐकणारे हजारों आणि त्यांप्रमाणें हिशेब ठेवणारे दोनचार, हें युरोपांतहि तितकेंच खरें होतें. त्या दोनचारांपैकीं विल्यम केरी याचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

केरीच्या धर्मांतराच्या उद्योगाविषयीं वाचकांचीं मतें भिन्न असतील. आमचेंहि मत त्यास अनुकूल नाहीं, आणि तें लपवून ठेवण्याचें प्रयोजन दिसत नाहीं. पण ज्यानें १८०५ सालीं मराठीचें व्याकरण आणि १८१० सालीं मराठी शब्दांचा कोश छापून काढला, त्याचें नांव मराठी वाचकानें केवळ मतभेदास्तव टाकून देणें हा कृतघ्नपणा होईल. शिवाय येथें आम्हांस त्याच्या उपदेशापेक्षां त्याच्या वर्तनाशींच कर्तव्य आहे.

१७ आगस्ट १७६१ रोजीं इंग्लंडांतील नॉर्दम्प्टनशायर परगण्यांत पॉलर्सपुरी या खेड्यांत त्याचा जन्म झाला. बाप विणकर, पुढें गांवच्या शाळेचा पंतोजी झाला. मुलास उन्हाचा त्रास होई, त्वचा पोळून निघे. म्हणून शेतकाम सोडून त्यास चौदाव्या वर्षाच्या सुमारास पिडिंग्टन येथील एका मोच्याकडे उमेदवार ठेविलें. याच उमेदवारींत त्याच्या हातून एक गोष्ट घडली, ती त्यानें पुढें स्वतःच लिहून ठेविली आहे. नाताळच्या वेळीं मोच्यांचीं पोरें गिऱ्हाईक-दुकानदारांकडे पोस्त मागावयास जात. एका लोखंडवाल्यानें केरीपुढें शिलिंग आणि सहा पेन्स अशीं दोन नाणीं धरलीं; पोरानें अर्थातच शिलिंग उचलला. नंतर कळलें कीं तो शिलिंग खोटा, पितळेचा. तेव्हां धन्याचे जे पैसे जिनसा आणण्यासाठीं त्याच्याजवळ होते, त्यांत त्यानें हा खोटा शिलिंग सारला आणि खरा आपणास घेतला. एवढेंच नव्हे, तर वाटेनें घरीं येतांना हें एवढें निभावून ने, पुन्हां कधीं असें करणार नाहीं, अशी त्यानें देवाची करुणाहि भाकली! देवानें तें मान्य केलें नाहीं. धन्यानें चौकशी केली, लबाडी उघडकीस आली, आणि पोरास लाजेनें कित्येक दिवस कोणास तोंड दाखविणें जड झालें.

दुकानांत बसणाऱ्या आमच्या वाचकांस या गोष्टींत विशेष असें कांहीं वाटणार नाहीं. खोटें नाणें पदरीं आलें कीं तें पुढच्याच्या गळ्यांत बांधावें, यास बाजारांत कोणी पाप म्हणत नाहीं. केरीनें मात्र त्यास पाप म्हटलें, आणि तेंहि आपल्या आयुष्याचें वळण ठरविणारें. नुसत्या प्रार्थनेनें हिशेब चुकता होत नाहीं, हा धडा त्यास एका पितळेच्या तुकड्यानें शिकविला. त्याची धर्मनिष्ठा पुढें फार प्रखर झाली, तरी ती कधीं कामचुकार झाली नाहीं, याचें मूळ आम्हांस येथें दिसतें.

पायतणें शिवतां शिवतां त्यानें लॅटिन, ग्रीक, हिब्रू, फ्रेंच, डच या भाषा बहुतेक स्वतःच्या बळावर हस्तगत केल्या. १७८५ मध्यें तो मोल्टन येथें बॅप्टिस्ट पंथाचा उपदेशक झाला. पण त्या वेतनांत पोट भरेना, म्हणून दिवसां शाळा आणि रात्रीं आरी-दोरा चालूच होता. भिंतीवर जगाचा नकाशा टांगलेला असे, आणि प्रत्येक देशाची लोकसंख्या, धर्म, रीतिभाती त्यावर टिपून ठेवलेल्या असत. कॅप्टन कुक याच्या सफरींचीं वर्णनें त्यानें आवडीनें वाचलीं होतीं.

याच काळांत वेस्ट इंडीज बेटांतील साखर गुलामांच्या रक्तावर पिकते, म्हणून ती खाऊं नये, अशी चळवळ इंग्लंडांत उठली. केरीनें साखर सोडली. १७९२ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकांत त्यानें या साखरत्यागाचा उल्लेख करून, ज्या कुटुंबांनीं ती सोडली त्यांनीं वांचलेला पैसा सत्कार्यास द्यावा, असा रोकडा हिशेबहि मांडला. बहिष्कार हें शस्त्र १९०५ सालीं आपल्या बंगालनें व महाराष्ट्रानें उपसलें, आणि त्या वेळींहि परदेशी साखर त्याच्या वाराखालीं आली. तेव्हां ज्या इंग्रजी पत्रांनीं आम्हांस अविचारी ठरविलें, त्यांस आपल्याच देशांतील या मोच्याचें स्मरण राहिलें असतें तर बरें झालें असतें.

सदर पुस्तकांत व्यापाऱ्यांस रुचेल असा आणखी एक मुद्दा आहे. परदेशीं धर्मप्रसार कसा शक्य आहे, ही शंका घेणाऱ्यांस केरी व्यापारी कंपन्यांचें उदाहरण देतो. सनद मिळाली कीं भागीदार जहाजें, माल, माणसें सर्व पणास लावतात. वादळास, परभाषेस, रानटी मुलखास भीत नाहींत. मग ज्यांच्यापाशीं याहून मोठी सनद आहे त्यांनींच घरीं बसावें काय? २ आक्टोबर १७९२ रोजीं केटरिंग गांवीं वॉलिस नामक एका विधवेच्या घरीं बारातेरा माणसें जमलीं आणि संस्था स्थापन झाली. वर्गणीचा आंकडा झाला १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स, आणि तोहि रोख नव्हे, नुसता कबुलीचा. एवढ्या भांडवलावर पृथ्वीपर्यटनाचा बेत! यास श्रद्धा म्हणावें कीं वेड, हें त्या दिवशीं कोणालाहि सांगतां आलें नसतें.

पुढील प्रकरण आम्ही घाईनें सांगून मोकळे होणार नाहीं. कारण चरित्रकार बहुधा येथेंच नजर चुकवितात. हिंदुस्थानास जाण्याचा निश्चय केरीनें केला, तेव्हां त्याची बायको डॉरथी हिला तो पसंत नव्हता. तिला लिहितां वाचतां येत नव्हतें, तिनें समुद्र पाहिलेला नव्हता, आणि ती गरोदर होती. प्रथम केरी थोरल्या मुलास घेऊन एकटाच निघाला. परवान्याच्या भानगडीनें प्रवास लांबला, मध्यंतरीं ती बाळंत झाली, आणि अखेर बहिणीस बरोबर घेण्याच्या अटीवर ती निघण्यास कबूल झाली. १३ जून १७९३ रोजीं एका डेन्मार्की जहाजानें मंडळी निघाली व नोव्हेंबरांत कलकत्त्यास पोंचली. कंपनीचा परवाना नाहीं. सोबतीचा डॉक्टर जॉन टॉमस हा उधळ्या, त्यामुळें थोड्याच दिवसांत गांठची पुंजी संपली. सुंदरबनच्या दलदलींत कांहीं महिने काढल्यावर १७९४ मध्यें उडनी नामक सज्जनाच्या निळीच्या कारखान्यावर मदनावती येथें केरीस व्यवस्थापकाची जागा मिळाली. त्याच वर्षीं त्यांचा पांच वर्षांचा मुलगा पीटर तापानें गेला. जातीच्या भयानें प्रेत उचलण्यास, खड्डा खणण्यास देखील माणूस मिळेना. डॉरथीची बुद्धि त्या धक्क्यानंतर भ्रमिष्ट झाली ती पुन्हां ताळ्यावर आलीच नाहीं. १८०७ मध्यें मृत्यु येईपर्यंत ती तशाच स्थितींत राहिली. एका खोलींत वेडी बायको आक्रोश करीत आहे आणि शेजारच्या खोलींत नवरा भाषांतराचीं मुद्रितें तपाशीत आहे, असा तो संसार होता.

बुरूज बांधण्यापूर्वीं खर्चाचा अंदाज करावा, हा दृष्टांत केरीस पाठ होता. पण त्यानें अंदाज केला तो आपल्या खर्चाचा. जी रक्कम दुसऱ्याच्या खातीं पडणार होती ती त्यानें धरली नाहीं. सत्कार्यासाठीं घर सोडणारे पुरुष आपल्याकडेहि वंदनीय मानले जातात, आणि त्यांच्या बायकांस कोणी विचारीत नाहीं. केरीच्या बाजूनें एवढें सांगितलें पाहिजे कीं, तिला वेड्यांच्या दवाखान्यांत पाठवावें असा सल्ला मिळत असतांहि त्यानें तिला घरांतच ठेवून अखेरपर्यंत सांभाळलें. तेवढ्यानें खातें मिटतें असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं.

कारखान्याचा पगार सुरू होतांच त्यानें संस्थेस कळविलें कीं, आतां मला तुमचें वेतन नको, तें दुसऱ्यास पाठवा. निळीच्या धंद्यानें पुढें बंगालच्या रयतेचा जो छळ मांडला त्याचा इतिहास सर्वश्रुत आहे. केरीची नोकरी त्या धंद्याच्या आरंभकाळची होती, आणि त्या काळांत त्याचें मन कारकुनीपेक्षां बंगाली व संस्कृत शिकण्याकडेच अधिक लागलेलें असे. त्याचा पहिला मुनशी रामराम बसू. पुढें कारखाना बुडाला.

आतां श्रीरामपूर. हें नगरकडचें श्रीरामपूर नव्हे. कलकत्त्याच्या वर हुगळीच्या कांठीं डेन्मार्कच्या राजाची लहानशी वसाहत होती, ती. १७९९ च्या अखेरीस इंग्लंडांतून आणखी मंडळी आली, त्यांस कंपनीनें आपल्या हद्दींत पाऊल ठेवूं दिलें नाहीं. आपल्याच देशबांधवांना, आपल्याच धर्माच्या उपदेशकांना, ख्रिस्ती म्हणविणाऱ्या कंपनी सरकारनें दारांतून हांकून लावावें आणि परक्या डेन्मार्कनें आश्रय द्यावा, यावरून कंपनीचें खरें दैवत कोणतें होतें हें ओळखण्यास फारशी बुद्धि नको. डेन्मार्की गव्हर्नर बी यानें मात्र त्यांस निक्षून संरक्षण दिलें, आणि जानेवारी १८०० मध्यें केरीहि तेथें जाऊन मिळाला.

केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे तिघे म्हणजे श्रीरामपूरची त्रिमूर्ति. तिघांचे स्वभाव तीन दिशांस. केरी संकोची व चिकट, एकदां धरलेलें काम न सोडणारा. मार्शमन विणकराचा मुलगा, शाळामास्तर, तापट आणि खटपटी. वॉर्ड छापखान्यांत वाढलेला, मनमिळाऊ आणि हिशेबी. चवथी व्यक्ति म्हणजे मार्शमनची पत्नी हॅना, जिच्या शाळांच्या उत्पन्नावर पुष्कळ वर्षें सर्वांचा संसार चालला; तिचें नांव त्रिमूर्तींत कोणी घेत नाहीं, म्हणून आम्ही येथें मुद्दाम घेतों. या मंडळींनीं एकत्र राहावयाचें, एकाच पंक्तीस जेवावयाचें, आणि जो जें मिळवील तें सामायिक पेटींत टाकावयाचें असा नियम केला. कोणीहि खासगी व्यापार करूं नये. दर शनिवारीं सायंकाळीं सर्वांनीं एकत्र बसून आठवड्यांतील तंटे तेथल्या तेथें मिटवावे, मनांत किल्मिष घेऊन रविवारच्या प्रार्थनेस बसूं नये. १८०५ सालीं हे नियम लेखी झाले, आणि वर्षांतून तीनदां ते सर्व ठाण्यांवर मोठ्यानें वाचले जात. आपल्याकडील सार्वजनिक संस्थांच्या घटना छापल्या जातात त्या कपाटांत ठेवण्यासाठीं. त्या वर्षांतून एकदां तरी मोठ्यानें वाचल्या गेल्या असत्या तर आमच्या वकिली धंद्याचें बरेंच नुकसान झालें असतें.

या पेटीची कसोटी लवकरच लागली. १८०१ सालीं फोर्ट विल्यम कॉलेजांत केरीस बंगालीच्या शिक्षकाची जागा महिना ५०० रुपयांवर मिळाली. संस्कृत आणि मराठीहि त्याच्याकडे आलीं, आणि प्राध्यापक झाल्यावर पगार १,००० रुपयांवर गेला. मोच्याच्या उमेदवाराच्या हातीं हजार रुपये महिना! त्या काळीं कलकत्त्यांत एवढ्या पगारावर साहेबलोक बंगले व पालख्या ठेवीत. केरीनें आपल्या साध्या खर्चापुरतें ठेवून बाकी सर्व पेटींत टाकलें, एकदां नव्हे, तीस वर्षें. धन्यानें दिलेलें भांडवल जमिनींत पुरून ठेवणारा चाकर दोषी ठरला, ही कथा मोठमोठ्या देवळांत सांगितली जाते. येथें तें भांडवल छापखाना, कागदाचा कारखाना, शाळा आणि शेतकी यांत फिरतांना प्रत्यक्ष दिसलें. वाळवी न लागणारा कागद त्यांनीं केला, त्या गिरणीसाठीं १८२० मध्यें विलायतेहून वाफेचें यंत्र आणविलें, आणि त्याच वर्षीं केरीनें शेतकी व बागाइती मंडळी स्थापिली. १८१८ सालीं 'समाचार दर्पण' हें बंगाली वर्तमानपत्र निघालें आणि कॉलेजहि स्थापन झालें.

याच कारखान्यांतून मराठीस छापील रूप मिळालें. केरीनें महाराष्ट्र कधीं पाहिला नाहीं. मराठी त्यास आली ती नागपूरकडील पंडित वैजनाथ शर्मा यांच्या मुखानें. व्याकरणामागोमाग मोडी टाईप पाडण्यांत आले, कोशांतील मराठी शब्द मोडींत छापले, आणि पुढें 'सिंहासन बत्तिशी', 'हितोपदेश', रघूजी भोंसल्यांची वंशावळी अशीं पुस्तकें निघालीं. त्या मराठीचें वळण आज वाचतांना अडखळतें. बायबलाच्या भाषांतराची भाषा तर इतकी कृत्रिम कीं पुढें मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांस तें काम नव्यानें करावें लागलें. पण हें सारें केरीनें केलें असें जें लिहिण्याची वहिवाट आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. ज्या अक्षरांचे ठसे पंचानन कर्मकार व त्याचा जांवई मनोहर यांनीं पोलादांत कोरले, ज्या वाक्यांचा अर्थ वैजनाथ शर्मा आणि मृत्युंजय विद्यालंकार यांनीं लावून दिला, त्यांचीं नांवें मुखपृष्ठावर आलीं नाहींत म्हणून तीं इतिहासांतून जावीं हें न्यायाचें नव्हे. सहकार्याचा गौरव करावयाचा तर तो पंक्तीस बसलेल्या तिघांवर थांबतां कामा नये. वॉर्डनें हिंदु लोकांवर जें मोठें पुस्तक लिहिलें तें तर एकतर्फी निकालपत्रच आहे. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून रोज काम केलें त्यांच्या समाजाविषयीं त्यास याहून चांगला पुरावा मिळाला नाहीं, याचें आश्चर्य वाटतें.

११ मार्च १८१२ च्या सायंकाळीं छापखान्यास आग लागली. केरी कलकत्त्यास होता. कागद, अनेक लिपींचे टाईप, आणि केरीनें कित्येक वर्षें खपून तयार केलेलीं हस्तलिखितें, त्यांत पौर्वात्य भाषांच्या महाकोशाची सामग्री होती, सर्व भस्म झालें. नुकसान सुमारें ७०,००० रुपयांचें. दुसरे दिवशीं मार्शमन ही वार्ता घेऊन गेला, तेव्हां केरी कांहीं वेळ नुसता रडला. नंतर तो परत आला आणि पाहिलें तों वॉर्ड राखेंतून वितळलेलें शिसें गोळा करीत होता. ठसे व छापयंत्रें बचावलीं होतीं. शेजारची वखार ताब्यांत घेऊन त्याच शिशाचे नवे टाईप पाडण्यास लगेच आरंभ झाला, आणि केरी जळालेलीं भाषांतरें पुन्हां पहिल्या पानापासून लिहूं लागला. इंग्लंडांत ही बातमी पोंचल्यावर भराभर वर्गणी जमून नुकसान भरून निघालें. महाकोश मात्र पुन्हां उभा राहिला नाहीं. श्रद्धा म्हणजे संकट येणार नाहीं असा भरंवसा, असा पुष्कळांचा समज असतो. त्या वखारींतील श्रद्धा शिसें वेंचण्याच्या जातीची होती.

आतां १८२९ चा प्रसंग. तीस वर्षांपूर्वीं, १७९९ मध्यें, केरीनें सती जातांना एक बाई डोळ्यांनीं पाहिली होती, तिला वांचविण्यासाठीं जमलेल्या लोकांशीं हुज्जत घातली होती, आणि हताश होऊन तो परतला होता. तेव्हांपासून त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं आंकडे जमवून सरकारच्या पाठीमागें लकडा लावला. राममोहन राय यांनीं शास्त्राधारें व लोकमताच्या बळानें जें केलें तें याहून मोठें, हें सांगणें नकोच. ४ डिसेंबर १८२९ रोजीं बेंटिंकनें सतरावें रेग्युलेशन मंजूर केलें. बंगाली भाषांतरासाठीं तो कागद केरीच्या हातीं पडला रविवारीं, ६ तारखेस सकाळीं, तो उपदेशास निघण्याच्या बेतांत असतां. रविवारीं धंद्याचें काम करावयाचें नाहीं हा त्याचा जन्माचा नियम. त्यानें उपदेशाचें काम दुसऱ्यावर सोपविलें, पंडितास बोलाविलें, आणि दिवे लागण्यापूर्वीं भाषांतर पुरें करून दिलें. एका दिवसाच्या विलंबानें किती चिता पेटतील याचा हिशेब त्यास ठाऊक होता. शब्बाथाच्या दिवशीं खड्ड्यांत पडलेलें जनावर वर काढावें कीं नाहीं, या वादाचा निकाल येशूनें दिला होता तो केरीनें नुसता वाचला नव्हता.

ज्या एकीचें आम्हीं वर्णन केलें ती अभंग राहिली असें समजूं नये. नवीन आलेल्या तरुण मिशनऱ्यांस सामायिक पेटी जाचूं लागली, मार्शमनचा कारभार त्यांच्या डोळ्यांत सलूं लागला. ते फुटून कलकत्त्यास गेले. इकडे इंग्लंडांतील जुने स्नेही वारले आणि नव्या कमिटीनें विचारलें कीं, श्रीरामपूरची इस्टेट कोणाची? ज्यांनीं आपल्या कमाईनें ती उभी केली त्यांची, कीं संस्थेची? विश्वासावर चाललेल्या व्यवहारांत दस्तऐवजांतील प्रत्येक शब्द पहिल्या पिढीस अनावश्यक वाटतो आणि दुसरी पिढी त्या शब्दावरच भांडते, हें आम्हीं आमच्या धंद्यांत पुष्कळदां पाहिलें आहे. वॉर्ड १८२३ मध्यें पटकीनें गेला. मन सांधणारा माणूस नाहींसा झाला, आणि १८२७ मध्यें उभय पक्ष विभक्त झाले. १८३० पासून कलकत्त्याच्या बड्या एजन्सी पेढ्या, पामर कंपनीपासून आरंभ होऊन, एकामागून एक बुडाल्या. त्यांत शाळांसाठीं ठेवलेला पैसाहि बुडाला. त्याच सुमारास कॉलेजांतील प्राध्यापकाची जागा मोडून केरीचा पगार पेन्शनीवर आला. ऐन म्हातारपणीं पेटी रिकामी झाली, तरी भाषांतरांचीं मुद्रितें तपासण्याचें काम अंथरुणास खिळेपर्यंत चालूच होतें.

९ जून १८३४ रोजीं तो श्रीरामपूर येथेंच वारला. चाळीस वर्षांत तो एकदांहि मायदेशीं गेला नव्हता. त्याचें मृत्युपत्र वकिलानें वाचण्यासारखें आहे. पहिल्याच कलमांत मिशनच्या जागेवर आपला किंवा आपल्या वारसांचा कसलाहि हक्क नाहीं असें तो लिहून देतो. ज्या मालकीवरून दोन पक्ष इतकीं वर्षें झगडले, तिच्यावर त्यानें असें पाणी सोडलें. शिंपले, पोंवळीं, खनिजें, किडे यांचा संग्रह कॉलेजास दिला. राहतां राहिलीं पुस्तकें. इतर मुलांस आपण मागें प्रत्येकीं १,५०० रुपये दिले, जाबेझ या मुलास तेवढे देण्याचे राहिले, हें त्यास आठवत होतें. हातीं रोकड कांहींच नव्हती. म्हणून ग्रंथसंग्रह लिलांवांत विकावा आणि त्या किंमतींतून जाबेझचे १,५०० रुपये चुकते करावे, असें त्यानें लिहून ठेविलें.